पहिला बजेट रेकॉर्ड सेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

एक बेल्ट ड्राईव्ह (पट्ट्याने तबकडी फिरवणारं) टर्नटेबल, एक साधा स्टिरिओ अँप्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर, एवढाच माझा सेट. तिन्ही वस्तू आपापल्या वर्गात खालच्या पायरीवरच्या. काही महिने जवळपास रोज वापरल्यावर माझं मत असं झालंय, की पहिल्या सेटसाठी वस्तू किती भारी आहे यापेक्षा तिचा कुठला भाग नंतर सुटा बदलता येईल, हे बघून पैसे घालावेत.

सुटकेससारखे दिसणारे ऑल-इन-वन प्लेअर मी याच कारणाने बाद केले. दिसायला गोड असतात, पण बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या थरथरीची वीज करणारा भाग) असतं आणि ते रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकतं. टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, मागे वजन फिरवायची सोय नसते, त्यामुळे तो भार कमीही करता येत नाही. वर स्पीकर त्याच खोक्यात, म्हणजे त्यांची थरथर थेट सुईत.

माझ्या टर्नटेबलला मागे फिरणारं वजन आहे, अँटीस्केट (आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणूनची सोय) आहे, आणि कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई. त्याला भार लागतो २ ग्रॅम. तो लावायची रीत अशी: अँटीस्केट शून्यावर, सुईचं झाकण काढलेलं, आणि आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवायचं. मग वजन हलू न देता फक्त आकड्यांची पुढची रिंग शून्यावर आणायची आणि त्यानंतर दोन्ही एकत्र २ पर्यंत फिरवायचं. तरी एक स्वस्त डिजिटल काटा जवळ असू द्या. माझ्या रिंगवर २ दिसत होते तेव्हा काटा २.३ दाखवत होता. टर्नटेबलच्या किमतीच्या मानाने काटा अगदीच किरकोळ, पण सगळ्या खरेदीत सर्वांत जास्त उपयोगाला तोच आला.

फोनो प्रीअँपचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण नवे लोक इथेच अडकतात. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वरचे सूर चढवलेले असतात. आरआयएए या अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या १९५४ च्या मानकानुसार २० हर्ट्झला साधारण २० डेसिबल खाली आणि २० किलोहर्ट्झला जवळजवळ तितकेच वर. वाजवताना हे उलटं करावं लागतं, शिवाय कार्ट्रिजमधून येणारे जेमतेम ४ मिलीव्होल्ट वाढवावे लागतात. ही दोन्ही कामं फोनो प्रीअँप करतो. माझ्या टर्नटेबलच्या आत तो होताच, आणि सुरुवातीला पुरलाही. पण दोन गाण्यांमधल्या शांततेत आवाज वाढवला की सूं असा फुसफुसाट यायचा, आणि तबल्याच्या बायाचा घुमारा फुगल्यासारखा वाटायचा. मागच्या बटणाने आतला प्रीअँप बंद करता येत होता म्हणून नंतर बाहेरची छोटी डबी लावता आली. फुसफुसाट बराच कमी झाला, बाया जागेवर आला. बाहेरची डबी लावलीत तर ते बटण ‘फोनो’वर (म्हणजे आतला प्रीअँप बंद) हवंच, नाहीतर तीच दुरुस्ती दोनदा होऊन आवाज फाटतो. आणि अर्थिंगची बारीक वायर डबीच्या स्क्रूला जोडा. ती सैल असली की सतत घूं ऐकू येत राहतं.

अँप्लिफायरबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, ही त्याची तारीफच समजा.

सर्वांत जास्त पैसे स्पीकरवर घातले आणि तो हिशेब अजूनही पटतो. मात्र टर्नटेबलच्या टेबलावर स्पीकर ठेवू नका. कधीतरी पुढची जाळी काढून रेकॉर्ड वाजताना वूफरकडे, म्हणजे खर्जाच्या मोठ्या शंकूकडे, बघा. तबकडी थोडी वाकडी असेल तर शंकू सावकाश आत-बाहेर होताना दिसतो. तबकडीचा वेग मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, त्यामुळे दर १.८ सेकंदांनी एक हेलकावा. कानाला यातलं काही ऐकू येत नाही, पण अँप्लिफायरची ताकद त्यात फुकट जाते. टेबल एकच असेल तर हीच हालचाल सुईकडे परत जाते आणि आवाज चढवला की घुमायला लागतो. स्पीकर वेगळ्या स्टँडवर, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा शंकू) कानाच्या उंचीला, आणि दोन स्पीकर व बसायची जागा मिळून समभुज त्रिकोण, एवढं जमवलं आणि गायक दोन खोक्यांतून सुटून मधोमध आला. यासाठी काही विकत आणावं लागलं नाही.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. बाजू संपल्यावर आर्म आपोआप उचलला जात नाही. डुलकी लागली की सुई आतल्या चाकोरीत फिरत बसते. वरचं पारदर्शक झाकण खोलीतला आवाज पकडतं, म्हणून वाजवताना मी ते काढूनच ठेवतो. आणि बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’, ‘श’ खरखरीत होतात. ही तक्रार टर्नटेबलची कमी, तबकडीची जास्त: बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खोबण जाते, आत लेबलजवळ २० च्या आसपास. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. प्रोट्रॅक्टरवर कार्ट्रिजचा कोन नीट लावल्यावर बराच फरक पडला, पण खरखर पूर्ण गेली नाही.

इथे सुटी सुई कामाला येते. माझ्या कार्ट्रिजच्या, म्हणजे व्हीएम९५ मालिकेतल्या सुया एकमेकींच्या जागी बसतात. जुनी ओढून काढायची, नवी सरकवायची. माझ्या लंबगोल सुईचं आयुष्य कंपनी ३०० तास सांगते, म्हणजे चाळीस मिनिटांच्या साधारण साडेचारशे एलपी. ती झिजली की मायक्रोलिनिअर, म्हणजे अधिक बारीक कडेची सुई घेणार. तिचे १००० तास सांगतात आणि आतल्या खोबणीत ती अधिक नीट बसते.

घरात ७८ च्या जुन्या तबकड्या असतील तर मात्र ही सुई त्यांवर टेकवू नका. त्यांची खोबण कितीतरी रुंद असते; त्यासाठी याच मालिकेत जाड टोकाची वेगळी सुई आहे. ती लावली की भार नव्याने लावायचा, आणि घेण्याआधी टर्नटेबलला ७८ चा वेग आहे का ते तपासायचं. माझ्याला नाही.