सोळा चिप्सची रॅम आणि विक्रेत्याचं ‘नरो वा कुंजरो वा’

आपण फसलोय हे कबूल करायला मला तीन आठवडे लागले. त्यातले पहिले दहा-अकरा दिवस मी माझ्याच मदरबोर्डला शिव्या घालण्यात घालवले, आणि तो नाद मला विक्रेत्यानेच लावला होता.

घरचा डेस्कटॉप जुना आहे. एच८१ चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपेचा) मदरबोर्ड, चौथ्या पिढीचा इंटेलचा आय५ प्रोसेसर, म्हणजे २०१३-१४ च्या सुमाराचा माल. रॅमचे स्लॉट दोनच, दोन्हींत ४-४ जीबीच्या स्टिक. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की माउससुद्धा विचार करून हलायचा. एच८१ ला जास्तीत जास्त १६ जीबी चालते, तेव्हा जुन्या दोन्ही काढून ८-८ च्या दोन टाकायच्या, इतकं साधं गणित होतं.

मी काही अगदीच अडाणी गिऱ्हाईक नव्हतो, असं तेव्हा मला वाटत होतं. डीडीआर३, डीडीआर४ या रॅमच्या पिढ्या; डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते आणि पिनाही २४० ऐवजी २८८ असतात, हे माहीत होतं. लॅपटॉपची आखूड स्टिक घ्यायची नाही, हेही. वेग १६००, व्होल्टेज १.५. सगळं कागदावर लिहून काढलं आणि एकेका ओळीवर खूण करत ऑनलाइन शोधायला बसलो.

एका ठिकाणी हव्या त्या मापाची जोडी निम्म्या किमतीत दिसली. शीर्षकातच ठळक: ‘सर्व डेस्कटॉप मदरबोर्डसाठी’. खाली पाच चांदण्यांचे ढीगभर अभिप्राय. तरी खबरदारी म्हणून विचारलं, माझा बोर्ड एच८१ आहे, चालेल ना? उत्तर दोन मिनिटांत आलं: ‘सर, डीडीआर३ आहे ना? डीडीआर३ सगळ्यांत चालते.’ वर हात जोडलेलं चित्र.

स्टिक आल्या. दिसायला झकास, निळ्या रंगाचं हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारं धातूचं कवच), त्यावर चकचकीत स्टिकर. स्लॉटमध्ये अशा बसल्या की दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्‌कन आवाज करून मिटल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळा, आणि आतून एकसारखं बीप, बीप, बीप. एकच स्टिक लावून पाहिली, तेच. दुसरी लावली, तेच. स्लॉट बदलला, तेच. जुनी ४ जीबीची लावली, की गडी चालू.

परत करायला मुदत दहा दिवसांची होती. मी त्याच संध्याकाळी परतीचं बटण दाबायला हवं होतं. त्याऐवजी विक्रेत्याला निरोप पाठवला. इथेच माझा निकाल लागला.

तो इतका गोड बोलायचा की राग यायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर: ‘सर, पिनांवर धूळ असेल, खोडरबराने हलके घासून बघा.’ घासलं. त्याच्या पुढच्या संध्याकाळी: ‘सर, बोर्डावरचा सेल काढून पंधरा मिनिटांनी लावा.’ लावला. मग मधे एक रविवार गेला. मग ‘पॉवर सप्लाय कमी पडतोय का बघा’. मग ‘बायोस अपडेट करा’, म्हणजे संगणक सुरू करणारी बोर्डावरची मूळ प्रणालीच बदला. हा शेवटचा सल्ला तर निव्वळ आगाऊपणा होता, कारण इतक्या जुन्या बोर्डाचं बायोस लिहिताना मधेच वीज गेली तर बोर्डच मुका होऊ शकतो. मी जीव मुठीत धरून तेही केलं. रोज एक काम, रोज एक संध्याकाळ. अकराव्या दिवशी उत्तर आलं: ‘सर, परतीची मुदत संपली आहे. आपला मदरबोर्ड एकदा तपासून घ्या.’

आणि मी खरंच नवा जुना बोर्ड शोधायला लागलो होतो! तेवढ्यात भाचा आला. त्याने स्टिक हातात घेऊन उलटसुलट पाहिली, स्टिकर वाचला आणि म्हणाला, “मामा, यावर रँक लिहिलेलीच नाही की.”

चांगल्या कंपनीच्या स्टिकच्या लेबलवर क्षमतेशेजारी ‘२आर×८’ किंवा ‘१आर×८’ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यापुढे ‘पीसी३-१२८००यू’ अशा धर्तीचं काहीतरी. १२८०० म्हणजे १६०० गुणिले ८, तो वेगच झाला. शेवटचं अक्षर महत्त्वाचं: ‘यू’ असेल तर साध्या डेस्कटॉपची, ‘आर’ असेल तर सर्व्हरची. माझ्या स्टिकरवर नुसतं ‘८ जीबी १६०० डेस्कटॉप’.

त्याने हीटसिंक हळूच उचकटलं. खाली दोन्ही बाजूंना आठ-आठ, एकूण सोळा काळ्या चिपा. मला तर हायसं वाटलं, कारण ८ जीबीच्या साध्या स्टिकवरही सोळाच असतात. भाच्याने मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन चिपेवरचा बारीक नंबर मोठा केला. ‘के४बी४जी०४’ आणि पुढे आणखी अक्षरं. “हे ०८ पाहिजे होतं,” तो म्हणाला, “०४ आहे.”

रॅमच्या स्टिकमधून प्रोसेसरकडे एका वेळी ६४ बिट जातात. साध्या स्टिकवरची प्रत्येक चिप त्यातले ८ बिट उचलते, म्हणजे आठ चिपांचा एक गट झाला. सोळा चिपा असल्या तर दोन गट, त्यालाच दोन रँक म्हणतात. माझ्या स्टिकवरच्या चिपा एकेक फक्त ४ बिट उचलणाऱ्या. सोळाच्या सोळा मिळून ६४ होतात आणि सगळ्यांचा मिळून एकच गट. क्षमता दोन्हींची तेवढीच, ८ जीबी. बाहेरून पाहून फरक कळणं अशक्य.

फरक पत्त्यात पडतो. चिपेतली माहिती ओळी आणि स्तंभांच्या तक्त्यात असते, आणि हवी ती जागा प्रोसेसर पत्ता सांगून मागतो. ४ गिगाबिटच्या ८ बिटवाल्या चिपेत १०२४ स्तंभ असतात, ४ बिटवालीत २०४८. म्हणजे स्तंभाचा पत्ता सांगायला दहाऐवजी अकरा बिट लागतात. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिच्या एएम३ आणि एएम३+ या सॉकेटांच्या काळातल्या प्रोसेसरांना हा अकरावा बिट उमगतो. इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांना अशी स्टिक चालत नाही. अशा चिपा मुळात सर्व्हरच्या रॅमसाठी असतात. स्वस्ताईचं मूळही तिथेच असावं: तिथल्या उरल्यासुरल्या किंवा उतरवलेल्या चिपा साध्या पट्टीवर चिकटवायच्या, वर निळं हीटसिंक, आणि घ्या डेस्कटॉपची रॅम.

मग मी ती विक्रीची जाहिरात पुन्हा उघडली आणि या वेळी तळापर्यंत वाचली. वॉरंटी, वजन, पॅकिंग, रंग यांच्याही खाली, करड्या बारीक अक्षरांत एक ओळ: ‘एएमडी प्लॅटफॉर्मसाठी ऑप्टिमाइझ्ड’. फक्त एएमडीवर चालते, असं नाही. इंटेलवर चालत नाही, असंही नाही. अश्वत्थामा मेला हे मोठ्याने, आणि हत्ती की माणूस ते शंखांच्या आवाजात.

मी त्या बाजारपेठेकडे तक्रार केली. संभाषणाचे सगळे फोटो जोडले, ‘डीडीआर३ सगळ्यांत चालते’ यासकट. विक्रेत्याने उलट एक व्हिडिओ जोडला: तशीच स्टिक, एका संगणकात लावलेली, पडद्यावर १६ जीबी. संगणक कुठल्या प्रोसेसरचा ते व्हिडिओत दिसत नव्हतं. वस्तू सदोष नाही आणि मुदत संपली आहे, असा निकाल लागला. वस्तू सदोष नव्हतीच, हेच तर माझं म्हणणं होतं, पण तक्रारीच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

पुढे पुन्हा शोधताना आणखी एक जाळं दिसलं, तेही सांगून ठेवतो. जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या स्टिक, नामांकित कंपनीच्या, अस्सल, आणि किंमत अगदी मातीमोल. त्या डीडीआर३ किंवा डीडीआर४ असतील तर साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये नीट बसतातसुद्धा, पण चालत नाहीत. त्या ओळखायला मात्र सोप्या. एका ओळीत आठाऐवजी नऊ चिपा असतात, आणि मधोमध एक वेगळ्या आकाराची चिप बसलेली असते. फोटोत हीटसिंक असेल तर ते झाकलं जातं. म्हणून मी आता हीटसिंकवाली स्वस्त स्टिक दिसली की पुढे सरकतो. १६०० वेगाच्या डीडीआर३ ला त्याची तशी गरजही नसते.

शेवटी जी जोडी घेतली ती घेण्याआधी बोर्डावरचा पूर्ण मॉडेल नंबर टॉर्च लावून वाचला. तो स्लॉटांच्या आसपास छापलेला असतो, चिपसेटचं नाव तेवढं पुरत नाही. मग बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची तपासलेल्या रॅमची यादी काढली आणि यादीतलाच नंबर मागवला. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला: लेबलचा सरळ फोटो पाठवता का? दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने पाठवला, त्यावर ‘२आर×८’ आणि शेवटी ‘यू’ होतं. आल्या दिवशीच आधी एकेक, मग दोन्ही लावून पाहिल्या. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू ठेवून झोपलो, सकाळी चूक शून्य. एक जरी चूक दिसली असती तरी या वेळी गप्पा न मारता थेट परतीचं बटण दाबणार होतो.

त्या निळ्या स्टिकचं काय झालं? भाच्याच्या मित्राकडे जुना एएम३+ बोर्ड निघाला. लावल्याबरोबर पहिल्या झटक्यात १६ जीबी, बीप नाही की काही नाही. संगणकाच्या भागांची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड उघडलं तर रँकपुढे ‘सिंगल’. त्या पोराने आनंदाने पाच चांदण्या दिल्या असत्या. त्या जाहिरातीखालचे बरेचसे अभिप्राय असेच खरे असणार, आणि म्हणूनच ते मला फसवायला पुरले.

मीही तिथे अभिप्राय लिहिला, एका चांदणीचा: इंटेलच्या बोर्डावर ही चालत नाही, चिपा ४ बिटच्या आहेत, नंबर अमुक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याखाली विक्रेत्याचं उत्तर होतं: ‘सर, आपला मदरबोर्ड एकदा तपासून घ्या.’