आलादार रात्सची सिम्बालोमची सीडी, बरेच महिने ऐकल्यावर

सिम्बालोम म्हणजे संतूरसारखं काठ्यांनी वाजवायचं हंगेरियन तारवाद्य, आणि रात्स त्याचा वादक. सीडीचं खोकं फुटून आलं, तिसऱ्या ट्रॅकवर मोठा ओरखडा, विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे सेकंडहँड मालाला रिटर्न नाही. कुरिअर आणि ड्युटी धरून इतके पैसे गेले होते की बाजूला टाकून देणं जमलंच नाही, ऐकत राहिलो.

त्याच विक्रेत्याच्या जाहिरातीत संगीतकार स्ट्राविन्स्कीचं नाव मोठं आणि रात्सचं बारीक, याचा मला अजूनही राग येतो. किस्सा सगळ्यांना माहितीये, 1915 ला जिनिव्हाच्या रेस्टॉरंटमध्ये ऑर्केस्ट्रा कंडक्टर आन्सेर्मे स्ट्राविन्स्कीला घेऊन गेला, रात्सला ऐकून स्ट्राविन्स्कीने स्वतःसाठी सिम्बालोम विकत घेतलं आणि आपल्या 'रनार' या रचनेत, मग 1918 च्या 'रॅगटाइम'मध्ये वापरलं. मान्य. पण 1886 ला हंगेरीतल्या यासआपातीत जन्मलेला, रेस्टॉरंटमध्ये वाजवून पोट भरणारा रोमा (जिप्सी) माणूस त्याच वाद्यावर बाख आणि स्कार्लात्तीच्या रचना घेऊन मैफलीत बसतो, पियानोवर बायको इव्होन बार्ब्लान, ही कमाई पूर्ण त्याची स्वतःची आहे ना!

सुरुवातीला मी नुसता स्पीड ऐकायचो, हात काय पळतात म्हणून. चांगले हेडफोन लावल्यावर मत बदललं, खरी करामत पायात आहे. वाद्यं बनवणाऱ्या शुंडाने 1874 च्या सुमारास बुडापेस्टमध्ये पेडल बसवलं तेव्हापासून पाय उचलला की डँपर तारांवर टेकतात आणि आवाज बंद. आपल्या संतूरला ही सोय नाही, आस थांबवायची तर हातच लावावा लागतो. बाखमध्ये सुरांच्या दोन-तीन ओळी एकदम चाललेल्या असतात, आधीचा सूर वेळेत मिटला नाही तर सगळा गोंधळ. रात्स एक सूर कोरडा तोडतो, पुढचा मोकळा सोडतो, आणि तेवढ्यावर अख्खं वाक्य उभं राहतं. मी एकेक जागा मागे नेऊन नेऊन ऐकल्यात, अजून कंटाळा नाही. फोनच्या स्पीकरवर मात्र यातलं काही कळत नाही, नुसता खणखणाट, त्यावरून एक स्टार देणाऱ्यांनी प्लीज परत ऐका.

रेकॉर्डिंग जुनं आहे, खरखर आहे, पण त्याचे मार्क मी कापणार नाही.

1938 पासून रात्स बुडापेस्टच्या लिस्ट संगीत अकादमीत शिकवत होता, 1958 ला गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी हंगेरियन संगीतकार कुर्तागने व्हायोलिन आणि सिम्बालोमसाठी आठ ड्युओ लिहिले, 1973 ला एकट्या सिम्बालोमसाठी 'सालकाक'. दोन्ही ऐकाच, पण आधी रात्सचा बाख ऐका, तोही हेडफोनवर.