शस्त्रसामग्री कोणाची? नाशिकमधील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

शरणपूर रोड परिसरातील एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) यंदाच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, दर शनिवारी संध्याकाळी ‘आत्मिक युद्ध आणि प्रभूचे सामर्थ्य’ या विषयावर अभ्यासवर्ग घेतला. अभ्यासासाठी बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील 10 ते 20 ही, देवाची शस्त्रसामग्री धारण करण्याविषयीची वचने नेमलेली होती. वर्ग कोणत्याही मंडळीच्या माणसाला खुला होता, नावनोंदणीची रक्कम नाममात्र होती आणि त्यातच छापील पुस्तिका व मधल्या वेळचा चहा धरलेला होता. नाशिक रोड, देवळाली कॅम्प, सातपूर, इतकेच नव्हे तर ओझर आणि दिंडोरीकडूनही माणसे येत होती. मंडळीला प्रसिद्धी नको असल्यामुळे नाव देत नाही. परंतु असा वर्ग आपल्या गावी घ्यावा असे ज्यांच्या मनात असेल, त्यांना यातून काय घ्यावे आणि काय सुधारावे हे कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आत्मिक युद्ध हा विषय आपल्या मंडळ्यांतून बहुधा दोनच तऱ्हांनी हाताळला जातो. काही ठिकाणी सैतानाचे नाव घेणेही मागासलेपणाचे मानतात आणि इफिसकरांस पत्राचा हा भाग संडेस्कूलच्या भिंतीवरील रंगीत चित्रापुरता उरतो. तर काही ठिकाणी ताप, कर्ज, मुलाचे नापास होणे, सासू-सुनेचे न पटणे या सगळ्यांमागे दुरात्माच दिसू लागतो आणि सभेचा निम्मा वेळ त्याला धमकावण्यात जातो. या वर्गाने दोन्ही वाटा टाळल्या. सैतान आहे, तो फसवतो, दोष लावतो, थकलेल्या माणसाला गाठतो, हे वर्ग घेणाऱ्या पाळकसाहेबांनी (पाद्रींनी) कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. मात्र बोलण्याचा केंद्रबिंदू त्यांनी एकदाही त्याच्याकडे सरकू दिला नाही. माझ्या मते हेच या वर्गाचे सर्वांत मोठे यश आहे.

पहिला शनिवार संपूर्णपणे दहाव्या वचनाला दिला होता. ‘प्रभूमध्ये व त्याच्या प्रबळ सामर्थ्याने बलवान होत जा,’ हे वाक्य आपण घाईने ओलांडतो आणि ढाल-तलवारीकडे वळतो, असे सांगून पाळकसाहेबांनी उपस्थितांना जुन्या करारातील यशयाचा एकोणसाठावा अध्याय उघडायला लावला. तेथे सतराव्या वचनात नीतिमत्त्वाचे उरस्त्राण आणि तारणाचे शिरस्त्राण परमेश्वर स्वतः धारण करतो. लोकांच्या बाजूने उभा राहणारा कोणी नाही असे पाहून तो आपल्याच बाहुबलाने तारण साधतो, असा तेथील संदर्भ आहे. म्हणजे इफिसकरांस पत्र लिहिणारा प्रेषित पौल ख्रिस्ती माणसाला जे घालायला सांगतो ते मुळात देवाचे आहे, त्याने आधी वापरलेले आहे आणि आपल्याला ते दिलेले आहे. आपल्या सद्‌गुणांचे कवच आपणच घडवून अंगावर चढवायचे, असा अर्थ या वचनांतून काढता येत नाही. हा मुद्दा मी यापूर्वी प्रवचनांतून ऐकला होता, परंतु दोन्ही उतारे समोरासमोर ठेवून, एकेक वचन मोठ्याने वाचत तो इतक्या धीराने मांडलेला पाहण्याचा योग प्रथमच आला.

त्या चर्चेत देवळाली कॅम्पहून येणारे, तोफखान्यातून निवृत्त झालेले एक हवालदारकाका उभे राहिले. त्यांनी सांगितले की शिपायाची रायफल शिपायाची नसते. ती कोतात, म्हणजे शस्त्रागारात असते, रजिस्टरवर सही करून घ्यावी लागते, वापरून झाल्यावर साफसूफ करून परत जमा करावी लागते, आणि नवा रंगरूट असो की वीस वर्षांचा जुना जवान, दोघांनाही त्याच खिडकीशी रांगेत उभे राहावे लागते. पाळकसाहेबांनी लगेच ते बोलणे उचलून धरले आणि रोजची प्रार्थना म्हणजे त्या खिडकीशी जाऊन उभे राहणे होय, असे म्हणाले. सभागृहातील वयस्क मंडळींनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी तर पुस्तिकेच्या समासात ‘कोत’ असा एकच शब्द लिहून त्याभोवती गोल काढला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी जुन्या करारातील लढाया घेतल्या. इस्राएलाचा पुढारी गिदोन याच्या सैन्यात बत्तीस हजार माणसे होती, त्यांतली बावीस हजार भिऊन परत गेली, उरलेल्या दहा हजारांतून पाण्याच्या काठी तीनशे निवडली गेली. आणि एवढी छाटणी कशासाठी, तर ‘आमच्याच हाताने आमची सुटका झाली’ अशी फुशारकी इस्राएलाने मारू नये म्हणून, हे कारण शास्ते या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात स्वतः देवच सांगतो. यहूदाच्या यहोशाफाट राजाने शत्रूची फौज आल्याचे ऐकून उपास जाहीर केला आणि ‘आम्ही काय करावे हे आम्हांला सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत,’ अशा अर्थाची प्रार्थना केली. तिला उत्तर मिळाले की हे युद्ध तुमचे नव्हे, तर देवाचे आहे. मला सर्वांत भावला तो रफीदीममधील प्रसंग. अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात वर असत तोवर इस्राएलाची सरशी होत असे; ते हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवून दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत सावरून धरले. देवावर विसंबणे म्हणजे कोणाचीही मदत न घेणे नव्हे, हे या प्रसंगातून फार स्पष्टपणे पुढे आले. त्या संध्याकाळी जोडीजोडीने बसून एकमेकांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले गेले, आणि अनेकांनी आपल्या मंडळीबाहेरच्या माणसासमोर आपली अडचण प्रथमच बोलून दाखवली असावी, असे त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटले.

शस्त्रसामग्रीच्या एकेका भागावरचे विवेचन मात्र सारख्या तोलाचे नव्हते. सत्याचा कमरपट्टा आणि सुवार्तेची पायताणे हे भाग भराभर उरकले गेले. ढालीवर पुरेसा वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. रोमी शिपायाची मोठी ढाल लाकडाचे पातळ थर चिकटवून, वर चामडे चढवून केलेली असे, आणि शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहिले की ढालींची सलग भिंत तयार होत असे, ही माहिती देऊन, पत्र एकट्यादुकट्या वीराला नव्हे तर अख्ख्या मंडळीला लिहिलेले आहे याकडे पाळकसाहेबांनी लक्ष वेधले. ज्याचा विश्वास आज डळमळला आहे त्याने शेजाऱ्याच्या ढालीआड उभे राहावे, त्यात कमीपणा नाही, हे त्यांचे म्हणणे वर्गानंतर चहाच्या वेळीही लोक बोलून दाखवत होते. आत्म्याच्या तलवारीविषयी बोलताना त्यांनी अरण्यातील परीक्षेचा आधार घेतला. प्रभू येशूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरे जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या एकाच पुस्तकातील आहेत, त्याच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतील. आणि सैतानही स्तोत्रातील वचन उद्धृत करतो, तेव्हा वचन पाठ असणे पुरेसे नाही, ते देवाच्या अधीन राहून वापरले पाहिजे, हा इशाराही त्यांनी दिला.

या वर्गातील सर्वांत मोलाचा भाग आजारपण आणि आपत्ती यांविषयीचा होता. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदार बंधूंनी विचारले की गारपिटीत हाताशी आलेला माल गेला, तेव्हा कोणीतरी येऊन घरात पाप आहे, बंधन आहे, ते तोडल्याशिवाय बाग उभी राहणार नाही असे सांगून गेले. ते खरे मानावे काय? पाळकसाहेबांनी उत्तर देण्याआधी त्यांना पुढे बसवून नुकसान किती, कर्ज किती, विमा होता की नाही, हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग नीतिमान असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांचा दाखला दिला. ते मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होते. बोलू लागले आणि त्यांनी दुःखालाच गुन्ह्याचा पुरावा ठरवले, म्हणून शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी शिष्यांनी ‘पाप कोणी केले?’ असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. वाईट दिवस येतात, असे पौल गृहीत धरूनच लिहितो आणि त्या दिवशी टिकून राहणे यालाच तो विजय म्हणतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या बंधूंसाठी प्रार्थना झाली, आणि प्रार्थनेनंतर मंडळीतील एका जाणत्या माणसाने बँकेच्या कागदपत्रांसाठी सोबत येण्याचे कबूल केले, हेही नमूद करावेसे वाटते.

त्याच संध्याकाळी मानसिक आजारांविषयी जे सांगितले गेले ते प्रत्येक मंडळीच्या व्यासपीठावरून सांगितले जावे, असे मला कळकळीने वाटते. डॉक्टरांची औषधे चालू असताना ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद करा’ असे कोणी सांगत असेल तर ते ऐकू नये. प्रार्थना करावी आणि गोळीही वेळेवर घ्यावी, असे पाळकसाहेबांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो कायदा ख्रिस्ती माणसालाही तितकाच लागू आहे, याचीही त्यांनी आठवण करून दिली. याला जोडूनच त्यांनी प्रेषितांची कृत्ये एकोणिसावा अध्याय वाचला. तेथे याच इफिस शहरात एका यहूदी मुख्य याजकाचे सात मुलगे येशूचे नाव मंत्रासारखे वापरायला जातात आणि उघडेबागडे, घायाळ होऊन पळतात. त्यानंतर लोक आपली जादूटोण्याची पुस्तके आणून सर्वांसमक्ष जाळतात आणि त्यांची किंमत पन्नास हजार रुपये भरते, म्हणजे तितकी चांदीची नाणी. ज्या शहराला हे पत्र लिहिले गेले तेथे मंत्रतंत्राचे एवढे प्रस्थ होते, आणि तरीही पौल त्यांना नवा मंत्र देत नाही. सत्य, नीतिमत्त्व, शांती, विश्वास, तारण, वचन आणि प्रार्थना एवढेच हाती देतो.

शेवटून दुसऱ्या शनिवारी बाराव्या वचनातील ‘सत्ता आणि अधिकारी’ यांच्याविरुद्धचे झगडणे म्हणजे काय, या प्रश्नावर बोलताना पाळकसाहेबांनी शरणपूरचाच इतिहास काढला. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले आणून ठेवली जात, शिकवली जात. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा तरुण पुढे आफ्रिकेत फिरणारे मिशनरी व भूप्रदेशसंशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शोधार्थ निघालेल्या तांड्यात गेला, 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत होता, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या अंत्यविधीत शवपेटीचे गोफ धरणाऱ्यांत त्यालाही मान मिळाला. माणसाची खरेदी-विक्री करणारी व्यवस्था ही काळोखातील सत्ताच होती आणि तिच्याशी झालेल्या झगड्याचा एक धागा आपण बसलो आहोत त्या मातीतून गेला आहे, हे ऐकताना वर्गातील तरुण मुले प्रथमच पुढे सरसावून बसली.

आता उणिवांविषयी. अठराव्या वचनाला, म्हणजे सर्व प्रसंगी आत्म्याने प्रेरित होऊन केलेल्या प्रार्थनेला, शेवटच्या शनिवारची जेमतेम पंधरा-वीस मिनिटे मिळाली, हे मला फार खटकले. ज्या वर्गाने सुरुवातीपासून देवाच्या सामर्थ्यावर भर दिला, त्याने ते सामर्थ्य मागण्याच्या रीतीला इतका थोडा वेळ द्यावा हे सुसंगत नाही. पौल तर या वचनांच्या शेवटी आपल्यासाठीही प्रार्थना मागतो; बेड्यांत असूनही सुटकेची नव्हे, तर धैर्याने बोलता यावे म्हणून. प्रार्थनेविषयीच्या या वचनांवर पूर्ण संध्याकाळ देता आली असती आणि द्यायलाच हवी होती.

पुस्तिका उपयुक्त आहे, पण अक्षर बारीक आहे. वर्गातील निम्म्याहून अधिक माणसे साठीच्या पुढची असताना मोठ्या टाइपात छपाई करणे अगत्याचे होते. वचनांचे आकडे दोन-तीन ठिकाणी चुकले आहेत, ते पुढच्या आवृत्तीत तपासून घ्यावेत. प्रत्येक पाठाखाली दिलेले प्रश्न मात्र चांगले आहेत. ‘या आठवड्यात कोणत्या कामी तुम्ही स्वतःच्या बळावर विसंबलात?’ यासारखा प्रश्न घरसभेतही घेता येईल. सभागृहात रस्त्याकडच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की वाहनांच्या आवाजात मागच्या बाकांवर काही ऐकू येत नाही, आणि बंद केल्या की मार्च महिन्यातला उकाडा सोसवत नाही. म्हणून शक्य तो पुढे बसावे. वर्ग लांबल्यावर ओझर आणि दिंडोरीकडच्या लोकांची परतीच्या बससाठी धावपळ होत असे, तेव्हा अर्धा तास आधी सुरुवात झाली तर त्यांची सोय होईल.

आणखी एक अपेक्षा आहे. साक्ष देण्यासाठी बहुतेक वेळा पुरुषच उभे राहिले, आणि बहिणी चहाच्या टेबलापाशी आपसांत जे बोलत होत्या ते वर्गापर्यंत पोचले नाही. दारू पिणाऱ्या नवऱ्यासाठी वर्षानुवर्षे प्रार्थना करत, त्याच वेळी मुलांची फी आणि घराचे भाडे भागवणाऱ्या एका ताईंकडून मी तेथे जे ऐकले, ते पुस्तिकेतील कोणत्याही पाठाइतकेच वजनदार होते. पाळकसाहेबांनी तो वेळ ठरवून राखला पाहिजे.

नवा विश्वासी, घरसभा चालवणारे बंधू-भगिनी, आणि विशेषतः भीतीच्या शिकवणुकीने थकलेली माणसे यांनी हा वर्ग अवश्य करावा. ग्रीक मूळ आणि टीकाग्रंथ यांचा सखोल अभ्यास हवा असणाऱ्यांना तो अपुरा वाटेल. पुढचा वर्ग आगमनकाळात, म्हणजे नाताळपूर्वीच्या आठवड्यांत, याच वचनांवर पुन्हा घेण्याचा मंडळीचा विचार आहे. नावनोंदणी रविवारच्या उपासनेनंतर कार्यालयात होते, आणि पुस्तिका सुटीही विकत मिळते.