जहाज मंद का चालतं? स्पेस इंजिनिअर्सचे सात महिने

सात महिने मी ‘स्पेस इंजिनिअर्स’ हा अंतराळात जहाजं बांधून चालवायचा संगणकावरचा खेळ जवळजवळ रोज खेळते आहे. त्यातले निदान दोन महिने एकाच प्रश्नात गेले: मी स्वतः बांधलेलं खाणकामाचं जहाज इतकं मंद का? त्यामुळे हा अनुभव खेळातल्या ग्रहांबद्दल, लढायांबद्दल कमी आणि त्या एका जहाजाबद्दल जास्त आहे. तिचं नाव हत्तीण.

आधी एक खुलासा. या खेळात मुळात वेगाला १०० मीटर प्रति सेकंदाची मर्यादा आहे. लहान जहाज असो वा मोठं, त्यापुढे कोणीच जात नाही. म्हणजे जहाज ‘मंद’ आहे म्हणताना आपल्याला बहुतेक वेळा म्हणायचं असतं की ते शंभरावर पोचायला फार वेळ घेतं. हे मला उशिरा उमगलं. उमगल्यावर मी फोनचं स्टॉपवॉच लावून मोजायला लागले आणि तिथून खरा तपास सुरू झाला.

हत्तीण मोठ्या ग्रिडची, म्हणजे २.५ मीटरच्या ठोकळ्यांची. रिकामी असताना वजन ७०४ टन. मागे दोन मोठे आयन थ्रस्टर, म्हणजे जहाज ढकलणारी विजेवरची इंजिनं, प्रत्येकाचा जोर ४.३२ मेगान्यूटन. रिकामी असताना शून्यापासून शंभरावर जायला आठ सेकंद लागायचे. लघुग्रहावरून माल भरून निघाली की तेच एकवीस सेकंद.

मी पहिला उपाय केला तो सगळेच करतात: आणखी दोन थ्रस्टर जोडले. जोर दुप्पट, तर वेळ निम्मा व्हायला हवा. भरलेली असताना तो एकवीसवरून झाला एकोणीस सेकंद. दोन दिवस मी कॉकपिटमध्ये बसून नुसती ते बघत होते. मग विजेचा आकडा पाहिला. मोठ्या आयन थ्रस्टरला पूर्ण जोरावर ३३.६ मेगावॅट लागतात, चौघांना मिळून १३४.४. माझ्याकडे दोन छोटे रिॲक्टर, प्रत्येकी १५ मेगावॅटचे, आणि चार बॅटऱ्या, प्रत्येकी १२ मेगावॅट देणाऱ्या. एकूण ७८. चार थ्रस्टर विजेअभावी जेमतेम सव्वादोन थ्रस्टरांचं काम करत होते, वर प्रत्येकाचं ४३ टन वजन जहाजाने वाहायचं ते वेगळंच. नवे दोन्ही काढून टाकले.

मग वजन उतरवायला घेतलं. नाकाशी हौसेने लावलेलं हेवी आर्मर, म्हणजे जड कवच होतं, ऐंशी ठोकळे. हेवीचा एक ठोकळा ३,३०० किलोचा, लाइटचा ५०० किलोचा. दोन संध्याकाळी ग्राइंडर घेऊन एकेक ठोकळा उतरवला, जागी लाइट वेल्ड केला. २२४ टन गेले, जहाज ४८० टनांवर आलं. रिकामी हत्तीण साडेपाच सेकंदांत शंभरावर! फार आनंद झाला. पण भरलेली असताना? पावणेएकोणीस.

तेव्हा कुठे मी कंटेनर उघडून नीट पाहिला. मोठ्या कंटेनरची क्षमता ४,२१,८७५ लिटर आणि कुठलंही खनिज किलोला ०.३७ लिटर जागा घेतं. खेळाच्या सेटिंगमध्ये ही साठवण काही पट वाढवता येते, माझ्या जगात ती एकपटच ठेवली आहे, म्हणजे कंटेनर गच्च भरला की आत ११४० टन माल बसतो. जहाजाच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त! आर्मर सोलून वाचवलेले २२४ टन यापुढे काहीच नव्हते. आणि त्या मालात लोखंड, निकेल थोडं, निम्म्याहून जास्त साधा दगड. ड्रिल लघुग्रहात शिरताना जो दगड कापतं तो सगळा आत येतो, आणि दगडही किलोला तेवढीच जागा अडवतो.

हेच वजन ग्रहावर जास्त बोचतं. पृथ्वीसारख्या ग्रहावर भरलेल्या हत्तिणीला, म्हणजे १६२० टनांना, नुसतं हवेत धरून ठेवायला सुमारे १५.९ मेगान्यूटन लागतात. मी खालच्या बाजूला दोन मोठे हायड्रोजन थ्रस्टर लावले होते, मिळून १४.४. रिकामी असताना फुलासारखी वर जायची. पहिल्यांदा भरून उठवली तेव्हा पूर्ण जोर देऊनही उठेना, कंटेनर अर्धा रिकामा करावा लागला. आयन थ्रस्टर दाट हवेत एक तृतीयांशही जोर देत नाहीत, त्यांचा काही उपयोग नव्हता. तिसरा हायड्रोजन लावल्यावरच जीव भांड्यात पडला.

दगडासाठी सॉर्टर, म्हणजे मालातून हवी ती वस्तू वेगळी काढणारा ठोकळा लावला आणि त्यापुढे कनेक्टर, म्हणजे जहाज जोडायचा ठोकळा, माल बाहेर फेकण्यावर ठेवलेला. दगड आपोआप बाहेर पडायला लागला आणि मालाचं वजन निम्म्यावर आलं. मला वाटलं, सुटलं.

आठवड्याभराने सगळंच पुन्हा मंद. माझ्या जगात एक मित्रही खेळतो. तो म्हणाला, “अगं, तुझं जहाज माझ्या पडद्यावरही रांगतंय. आणि माझा ड्रिलचा दांडाही.” हे ऐकून डोक्यात लख्ख झालं. वजन माझ्या जहाजाचं वाढलं असेल, त्याचा ड्रिल का मंदावेल? शिफ्ट आणि एफ ११ दाबून सिम स्पीड, म्हणजे खेळाचं जग किती गतीने चाललंय तो आकडा पाहिला: ०.६. म्हणजे आख्खं जगच साठ टक्के गतीने चाललं होतं. साडेपाच सेकंदांचं काम घड्याळात नवाच्या पुढे जात होतं आणि कॉकपिटमधला वेगाचा आकडा मात्र शंभरच दाखवत होता. तळाभोवती पाहिलं तर मीच फेकलेले दगड, शेकड्यांनी तरंगत होते. त्या प्रत्येकाचं गणित संगणक करत बसला होता. जगाच्या सेटिंगमध्ये तरंगत्या वस्तूंची कमाल संख्या कमी केली, दगड तळापासून लांब टाकायला लागले. सिम स्पीड एकावर परत आला.

आणखी एक चूक माझ्याकडून तीन वेळा झाली. तळाला जोडल्यावर बॅटऱ्या ‘रिचार्ज’वर आणि हायड्रोजनच्या टाक्या ‘स्टॉकपाइल’वर टाकायच्या, आणि निघताना विसरायचं. रिचार्जवरची बॅटरी वीज देत नाही. ७८ पैकी ४८ मेगावॅट गायब, थ्रस्टरांना गरजेच्या निम्मीही वीज नाही. स्टॉकपाइलवरची टाकी वायू बाहेर सोडत नाही. दोन्हींचे गट करून टूलबारच्या शेजारशेजारच्या बटणांवर ठेवले, आता सुटण्याआधी हात आपोआप तिथे जातो.

खेळ घ्यावा का? ज्याला जोडणी आवडते, आकडे उलगडण्यात रस आहे, त्याने जरूर घ्यावा. २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला खेळ मला आजही पुरून उरतो. वजन, वीज, सिम स्पीड, सगळं तो दाखवतो. कुठे पाहायचं ते मात्र आपणच शोधायचं. नवख्याला हे पहिले काही आठवडे जड जाईल, मला गेलं.

हत्तीण सध्या दोनच आयन थ्रस्टरांवर आहे. दगड टाकून, फक्त धातूची खनिजं घेऊन काल परतली तेव्हा स्टॉपवॉच बारा सेकंदांवर थांबलं. वळायला अजून वेळ लावते, त्यासाठी या आठवड्यात जहाज वळवणारे दोन जायरोस्कोप वाढवणार आहे.