एक्स-फाईल्स की सुपरनॅचरल: पॉज करून बघणाऱ्यांनी आधी काय लावावं?

काही प्रेक्षक भुताची मालिका बघतानाही नंबरप्लेट वाचायला पॉज करतात आणि मग त्यातलं खरं किती, हे शोधत बसतात. तुम्ही त्यातले असाल तर या दोन मालिका अगदी वेगळ्या तऱ्हेने खूश करतील, आणि चिडवतीलही.

‘द एक्स-फाईल्स’मध्ये मल्डर आणि स्कली हे अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेचे एजंट गूढ प्रकरणांचा छडा लावतात. तिच्यातल्या खुणा खासगी आहेत. घड्याळात ११:२१ दिसलं तर ती निर्माता ख्रिस कार्टरच्या बायकोची जन्मतारीख, २१ नोव्हेंबर. १०१३ हा आकडा त्याच्या स्वतःच्या १३ ऑक्टोबरचा. निर्मितीसंस्थेचं नावही तेच. स्कली हे आडनाव बेसबॉलचे समालोचक विन स्कली यांच्यावरून. कोणी सांगितल्याशिवाय यातलं काही कळणं कठीणच.

भुता-राक्षसांची शिकार करणाऱ्या सॅम आणि डीन या भावांची ‘सुपरनॅचरल’ मात्र खुणा लपवल्याचा नुसता आव आणते. त्यांच्या इम्पाला गाडीची नंबरप्लेट केएझेड २वाय५, म्हणजे त्यांचं मूळ राज्य कॅन्सस आणि मालिका सुरू झाली ते २००५. भाऊ खोट्या ओळखपत्रांवर रॉक संगीतकारांची नावं सर्रास लावतात. पहिल्याच भागात डीन दोन एफबीआयवाल्यांना ‘मल्डर’, ‘स्कली’ म्हणून टोमणा मारतो. पुढे मिच पिलेगी, म्हणजे एक्स-फाईल्समधला मल्डर-स्कलीचा साहेब स्किनर, या भावांचा आजोबा होऊन येतो.

तथ्यांच्या बाबतीत पारडं फिरतं. एक्स-फाईल्सची ताकद प्रयोगशाळेत आहे, कारण जीवशास्त्रज्ञ अ‍ॅन सायमन सल्लागार होत्या. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात (१९९४) परग्रहाच्या डीएनएत नेहमीच्या चार रासायनिक ‘अक्षरां’शिवाय पाचवं-सहावं अक्षर सापडतं. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत शास्त्रज्ञांनी अशी जास्तीची जोडी असलेला जिवंत जिवाणू खरोखर घडवला! भूगोल मात्र विसरा. पहिले पाच सीझन व्हँकूव्हरला चित्रित झाले, त्यामुळे अमेरिकेच्या कुठल्याही कोपऱ्यात तेच ओलं सूचिपर्णी जंगल.

सुपरनॅचरलचा अभ्यास दंतकथांचा. भूत उतरवायचा लॅटिन मजकूर बराचसा पोप लिओ तेरावे यांच्या १८९०च्या खऱ्या प्रार्थनेतला. पाचव्या सीझनचा शेवट होतो ते स्टल गावचं कब्रस्तान कॅन्ससमध्ये खरंच आहे. तिथे नरकाचं दार असल्याची कथा १९७४ मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातून पसरली. वेंडिगो हा दंतकथेतला नरभक्षक राक्षस उत्तरेकडच्या जंगलातला, तो कोलोरॅडोत कसा आला, हा प्रश्न पात्रंच विचारतात. पण त्याच्यापासून बचावासाठी डीन वाळवंटी नैर्ऋत्येकडच्या अनासाझी या प्राचीन मूलनिवासी लोकांची चिन्हं काढतो. त्यांचा वेंडिगोशी काही संबंध नाही.

इतिहासात तर मालिका सपशेल आपटते. पहिल्या सीझनच्या २०व्या भागात सांगतात की १८३५ मध्ये, हॅलीचा धूमकेतू डोक्यावर असताना आणि टेक्ससमधल्या अलामो किल्ल्याच्या लढाईत माणसं मेली त्याच रात्री पिस्तुलं बनवणाऱ्या सॅम्युअल कोल्टने जादूची बंदूक बनवली. धूमकेतूचं साल बरोबर. पण अलामो पडलं ६ मार्च १८३६ला. एवढं तर शाळेतलं पुस्तक उघडूनही कळलं असतं.

माझं मत: आधी एक्स-फाईल्स, निदान पहिला सीझन. संदर्भ एकाच दिशेने वाहतात. उलट क्रमाने पाहिलंत तर सुपरनॅचरलमधले निम्मे टोमणे वाया जातील. २१८ भागांचा धीर नसेल तर एकेका भागात संपणाऱ्या कथा निवडा, परग्रहवासीयांच्या कटाचा धागा पुढे फार गुंततो. सुपरनॅचरलचे ३२७ आहेत, पण तिचा निर्माता एरिक क्रिपकीने कथा पाच सीझनची आखली होती. तिथे थांबलात तरी चालेल.