गरोदरपणातलं नैराश्य आणि ‘थिंकिंग हेल्दी’: कार्यक्रम कसा आहे?

बोलून करायचा उपचार म्हटला की शहरातला समुपदेशक आणि त्याची फी आठवते. ‘थिंकिंग हेल्दी’ या कार्यक्रमाला दोन्ही लागत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अतीफ रहमान आणि सहकाऱ्यांनी तो पाकिस्तानात, रावळपिंडीच्या ग्रामीण भागात उभा केला. चालवला तो तिथल्या लेडी हेल्थ वर्करनी, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या बायकांनी. २००८ साली निकाल आले: बाळ सहा महिन्यांचं होईतो या गटातल्या २३ टक्के आया नैराश्यात होत्या, नुसत्या गृहभेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. पुढे गोव्यात ‘संगथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने तो सुटसुटीत केला. तिथे ‘सखी’, म्हणजे गावातलीच प्रशिक्षण घेतलेली साधी बाई, ६ ते १४ वेळा भेटते.

मूळ आराखड्यात १६ बैठका आहेत: प्रसूतीआधीच्या महिन्यात चार, नंतरच्या महिन्यात तीन, मग महिन्याला एक. आईची तब्येत, बाळाशी नातं आणि घरच्यांशी संबंध हे तीन विषय आलटून पालटून येतात. चित्रं भरपूर, त्यामुळे वाचता न येणाऱ्या बाईचंही अडत नाही.

खरी ताकद गृहपाठात आहे. ‘मला जेवणच जात नाही, बाळाचं काही खरं नाही’ असं बाई म्हणाली, तर ‘असं बोलू नये गं’ म्हणायचं नाही. आधी तो विचार पकडायचा, त्यापायी ती काय करायची सोडते ते विचारायचं, मग एकच काम ठरवायचं: सकाळी अकराला अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण, आठवड्यातून चार दिवस. झालं की तक्त्यावर खूण. पुढच्या भेटीत आधी तो तक्ता बघायचा. इथे घाई केली की सगळं फसतं. रोज अर्धा तास चालायला सांगितलं आणि बाई पहिल्याच आठवड्यात चुकली, तर ‘माझ्याच्यानं काही होत नाही’ हा तिचा समज पक्का होतो.

दुसरी अडचण सासूबाईंची. त्या शेजारी बसल्या की सून ‘बरंय’ एवढंच म्हणते. त्यांना थोडा वेळ सामील करून घ्यावं, पण निम्मी बैठक एकांतातच हवी.

तपासणीबाबत आम्ही जरा कडक आहोत. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत १० किंवा जास्त गुण आले की पुढची चौकशी करतात. पण झोप, भूक, थकवा यांचे गुण गरोदरपणामुळेही वाढतात. म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्यावं. बाळंतपणातल्या नैराश्यासाठीच बनवलेली एडिनबरा प्रश्नावली हे शारीरिक प्रश्न बहुतेक टाळते, त्यामुळे इथे ती उजवी. जीव नकोसा झाल्याच्या प्रश्नाला ‘हो’ आलं, भास होत असतील किंवा घरात मारहाण असेल, तर एकट्या सखीवर सोडू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आधीपासून औषध चालू असेल तर बैठका सुरू झाल्या म्हणून ते परस्पर बंद करू नये.

आपल्याकडे कार्यक्रम सर्वांत जास्त गळतो तो माहेरपणात. आठव्या महिन्यात बाई आईकडे जाते आणि बैठका नेमक्या तेव्हाच दाट असायला हव्यात. त्यामुळे शेवटच्या महिन्याची वाट न बघता पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरुवात करावी, तक्ता बाईच्या पिशवीत जावा आणि मधल्या बैठका फोनवर घ्याव्यात, तोही माहेरचं घर दुपारी निजलेलं असताना.