बिलावर ‘गॅप सेटिंग’ वेगळं लावलंय? आधी प्लग पाहा

बिलावर दोन ओळी असतात. ‘इरिडियम प्लग, ४ नग’ आणि खाली ‘गॅप सेटिंग’, त्याची मजुरी वेगळी. प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवणारा स्पार्क प्लग, इरिडियम हा त्याच्या टोकाचा धातू आणि गॅप म्हणजे ठिणगी ओलांडते ते अंतर. गाडी चार सिलिंडरची, पेट्रोल-सीएनजीवर चालणारी, ठाण्यात कुठल्याही सोसायटीत दिसेल अशी. तक्रार एवढीच की घोडबंदर रोडला गायमुखचा चढ लागला की ती झटके मारते. मालक सकाळी गाडी गॅरेजला देऊन कामावर जातो. संध्याकाळी गाडी छान चालते, तो समाधानाने पैसे देतो. पंधरा-वीस दिवसांनी तोच चढ, तेच झटके. आता उत्तर मिळतं, ‘साहेब, तुमच्या सीएनजी किटचं काम निघालंय.’ म्हणजे आणखी एक बिल.

दुसऱ्या गॅरेजात प्लग उघडले की खरं काय ते कळतं. नवे प्लग बसलेच नव्हते. जुनेच तारेच्या ब्रशने घासून, टोकावरची धातूची पट्टी ठोकून परत लावलेले. त्यातल्या एकाचं इरिडियमचं टोक तुटलेलं.

हे पंधरा दिवस तरी चालतं कसं? प्लग वापरात झिजतो आणि मधलं टोक व वरची पट्टी यांतलं अंतर वाढत जातं. अंतर वाढलं की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. सीएनजीला ते पेट्रोलपेक्षा मुळातच जास्त लागतं, म्हणून झटके आधी सीएनजीवर आणि चढावर येतात. पट्टी ठोकून अंतर कमी केलं की तात्पुरता फरक पडतो. पण झिजलेला प्लग तो झिजलेलाच. शिवाय ब्रशच्या तारांचे धातूचे कण मधल्या टोकाभोवतीच्या पांढऱ्या चिनी मातीवर बसतात आणि वीज टोकावरून उडी मारण्याऐवजी त्यांच्यावरून निसटते. नुकसान प्लगच्या किमतीपुरतं राहत नाही. न जळलेलं इंधन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो, प्लगला वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलवर ताण येतो तो वेगळाच. साध्या माणसाला हजारोंच्या खर्चात ढकलणारी ही लबाडी आहे आणि ती थांबलीच पाहिजे.

नव्या प्लगचा गॅप कंपनीतूनच लावून येतो. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात शेवटी ९ असेल तर ०.९ मिमी, ११ असेल तर १.१ मिमी. तरी वाहतुकीत डबी आपटते, म्हणून बसवण्याआधी मोजायचं, एवढंच काम. अंतिम आकडा मात्र गाडीच्या पुस्तिकेतला किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवरचा. सीएनजीसाठी काही गाड्यांना कमी गॅप सांगितलेला असतो, तोही तिथेच बघा.

मोजायला गोल तारेचं गेज घ्या. नाण्यासारखं, कडेला जाड होत जाणारं गेज स्वस्त मिळतं आणि घात तिथेच होतो. ते गॅपमध्ये फिरवलं की मधल्या टोकावर दाब येतो. इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिमी जाड, कठीण पण ठिसूळ. ते वाकत नाही, सरळ तुटतं. तार मात्र हलकी अडत सरकली पाहिजे. गॅप वाढवायचा तर पट्टीच गॅपच्या टूलने पकडून उचलायची, मधल्या टोकाचा किंवा चिनी मातीचा टेकू कधीही घ्यायचा नाही. मातीला केसाएवढी चीर गेली तरी ठिणगी तिथून पळते. गॅप कमी करायचा तर साध्या निकेल प्लगची पट्टी लाकडावर अलगद टेकवून दाबता येते. इरिडियमवर हा प्रयोग नको, तिथेही टूलच. कंपनीने लावलेल्या गॅपमध्ये ०.२ मिमीपेक्षा जास्त बदल करावा लागत असेल तर प्लगच चुकीचा आणलाय, तो परत करा. पट्टी वर-खाली सारखी वाकवली की मुळाशी कमजोर होते. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरूच नका, बाहेरून धड दिसला तरी.

बसवणं थंड इंजिनात. आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवायची, मग प्लग हाताने आट्यांत फिरवायचा. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. किती जोर लागला ते दाखवणारा टॉर्क पाना असेल तर १४ मिमी आट्यांना २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०. प्लग बसतो ते इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं असतं, जोर लावला की आटे गेले.

आता नवा आणि जुना ओळखायचा कसा? वॉशर पाहा. नव्याचा फुगीर, पोकळ असतो, एकदा आवळलेला चपटा होतो आणि तो परत फुगवता येत नाही. निकेल प्लगचं मधलं टोक नवं असताना सपाट, कडा धारदार, झिजलेलं असेल तर गोल. पांढऱ्या मातीवर धातूला लागून तपकिरी वलय दिसलं तर तो प्लग धावलेला आहे. षटकोनावर पान्याचे ओरखडे असतात ते वेगळेच.

नकली मालाची तऱ्हा निराळी. डबीवर इरिडियम, आत जाड निकेलचं टोक. खऱ्या इरिडियमचं टोक सुईसारखं दिसतं. नंबरात आर अक्षर असेल तर आत विजेला अडवणारा रेझिस्टर असतो. मल्टिमीटर लावा, कॉइल जोडते ते टोक आणि ठिणगीचं मधलं टोक यांच्यामध्ये साधारण ५ किलो-ओहम दिसायला हवं. शून्याजवळ आलं तर प्लग बोगस.

गाडी देतानाच सांगा, ‘जुने प्लग आणि नव्या डब्या मला परत हव्यात.’ बिलावर प्लगचा पूर्ण नंबर लिहून घ्या. डब्या कचऱ्यात टाकल्या म्हणाले तर पैसे देण्याआधी एक प्लग समोर उघडायला लावा, पाच मिनिटांचं काम आहे. त्याच प्लगचा चपटा वॉशर पुन्हा आवळताना मात्र हाताने टेकल्यावर जेमतेम एक बारांश फेरा द्यायचा. आणि फसलाच असाल तर प्लग फेकू नका. सिलिंडरचा क्रमांक लिहून पिशवीत ठेवा, फोटो काढा, बिल जोडा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा.